थंडीत इलेक्ट्रिक गाडीचे रिजन कमी का होते? घाट उतरण्याआधी वाचा

डिसेंबर-जानेवारीत ही तक्रार हमखास येते: महाबळेश्वरहून सकाळी निघालो, अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी गाडी धरेना. बहुतेक वेळा गाडीत बिघाड नसतो.

रिजन म्हणजे रिजनरेटिव्ह ब्रेकिंग: अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मोटर जनरेटरचे काम करते, गाडी मंदावते आणि वीज बॅटरीत परत जाते. म्हणजे तेही चार्जिंगच. बॅटरी गार असली की लिथियमचे आयन तिच्यातल्या ग्रॅफाइटमध्ये सावकाश शिरतात. करंट जोरात रेटला तर ते धातू होऊन वरच साचतात आणि क्षमता कायमची घटते. म्हणून बीएमएस (बॅटरी सांभाळणारा कंट्रोलर) आधीच हात आखडता घेतो. शून्य अंशाच्या आसपास रिजन फारच कमी उरते. वेण्णा तलावाकाठी दव गोठते तशा पहाटे उघड्यावर उभ्या गाडीचे असेच होते.

पण आमच्या मते आपल्याकडे थंडीपेक्षा मोठे कारण वेगळेच: हॉटेलवर रात्रभर लावून १०० टक्के केलेली बॅटरी. तिच्यात वीज घ्यायला जागाच नसते.

महाबळेश्वर ते वाई उतरण सुमारे ६०० मीटर. दीड टनाच्या गाडीसाठी ही अडीच युनिटच्या आसपास ऊर्जा झाली. त्यातली काही हवा आणि टायर खातात. उरलेली रिजनने घेतली नाही, तर वाटेतल्या पसरणी घाटात ब्रेकच्या डिस्क तापतात. दुसरा गिअर टाकून उतरण्याची सोय इलेक्ट्रिक गाडीत नाही.

म्हणून वर मुक्काम असेल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवा. टायमर असल्यास चार्जिंग निघायच्या वेळी संपेल असे लावा, बॅटरी थोडी ऊबदार मिळते. नुसत्या हीटरने केबिन तापते, बॅटरी नाही. घाटात ब्रेकवर पाय ठेवून राहू नका. वेग वाढला की ठामपणे दाबा, सोडा, डिस्कला गार होऊ द्या. न्यूट्रल तर नकोच, त्यात रिजन पूर्ण जाते.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. रिजनमुळे ब्रेक पॅड कमी झिजतात म्हणून हे राहून जाते. पण ऑइल हवेतले पाणी शोषते, तापल्यावर त्याची वाफ होते आणि पेडल खोल जाते. सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर आली तर तो डिस्कवरचा गंज, काळजी नको.

दुपारचे ऊन, बॅटरी ६० टक्के, रिजनची सेटिंग वरची, आणि तरीही पाय काढल्यावर डॅशबोर्डचा काटा चार्जच्या बाजूला सरकत नसेल, तर मात्र गाडी तपासायला आणा.