कोबाल्टच्या रंगांपासून लिगँड फील्डपर्यंत

कोबाल्टची संयुजा, म्हणजे इतर अणूंशी जोडण्याची क्षमता, 3. तीन क्लोरीन जोडले की ती भागते. मग त्याच क्षाराशी अमोनियाचे आणखी सहा रेणू कशाच्या बळावर जोडले जातात? अमोनिया तर स्वतःच पूर्ण रेणू. 1869 मध्ये स्वीडनच्या ब्लोमस्ट्रांड यांनी कार्बनच्या साखळ्यांसारखी अमोनियाचीही साखळी असावी असं मांडलं आणि डेन्मार्कच्या योर्गेनसेन यांनी ती कल्पना नेटाने पुढे नेली.

1893 मध्ये झुरिकच्या आल्फ्रेड वर्नरने साखळीच नाकारली. वय 26. त्याच्या मते धातूला दोन प्रकारच्या संयुजा असतात. दुसऱ्या प्रकारच्या संयुजेने सहा शेजारी थेट धातूला जोडलेले असतात, तेही अष्टफलकाच्या सहा टोकांना. सिल्व्हर नायट्रेट घातलं की सहा अमोनियाच्या पिवळ्या क्षारातल्या तिन्ही क्लोरीनचा साका पडतो, पाच अमोनियाच्या जांभळ्या क्षारातल्या दोघांचा आणि चार अमोनियाच्या हिरव्या क्षारातल्या फक्त एकाचा. बाकीचे क्लोरीन धातूलाच धरून असतात. पण हे आकडे साखळीवाल्यांनाही जुळवता येत होते. निकाल लावला तो समघटकांच्या, म्हणजे तेच अणू पण वेगळी मांडणी असलेल्या रूपांच्या, संख्येने. चार अमोनिया आणि दोन क्लोरीन षटकोनात किंवा प्रिझममध्ये मांडले तर तीन रूपं निघतात, अष्टफलकात दोनच. हिरवं रूप हाताशी होतं. जांभळं 1907 मध्ये मिळालं आणि योर्गेनसेन यांनी मोठ्या मनाने आपला आक्षेप मागे घेतला. 1911 मध्ये वर्नरच्या प्रयोगशाळेत कोबाल्ट संयुगाची आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं वेगळी झाली. 1913 मध्ये नोबेल मिळालं. केवळ रूपं मोजून रेणूचा आकार ओळखणं, तेही क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना पाहता येण्याच्या आधी, ही मला रसायनशास्त्रातली सर्वांत देखणी कामगिरी वाटते.

पण ही दुसरी संयुजा म्हणजे नेमकं काय, हे वर्नरला सांगता आलं नाही. 1916 मध्ये लुईसने इलेक्ट्रॉनांच्या जोडीचा बंध मांडला. पुढे सिजविकने म्हटलं की इथे जोडीतले दोन्ही इलेक्ट्रॉन लिगँडच, म्हणजे धातूला जोडलेला शेजारीच, देतो. 1931 मध्ये पॉलिंगने ही जोडी धातूच्या संकरित ऑर्बिटलमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या जागा मिसळून बनलेल्या नव्या जागेत, बसवली. त्यामुळे चुंबकत्वाचा उलगडा होऊ लागला: सहा फ्लोराइड असलेला कोबाल्ट चुंबकाकडे ओढला जातो, सहा अमोनिया असलेला ओढला जात नाही. रंगांबद्दल मात्र हा सिद्धांत गप्प होता, आणि ही संयुगं मुळात लक्षात राहतात ती रंगांमुळेच.

उत्तर आधीच छापून आलेलं होतं. 1929 मध्ये हान्स बेथेने स्फटिकातल्या आयनाचा विचार करताना दाखवलं की भोवतालच्या प्रभारांमुळे धातूच्या पाच डी ऑर्बिटलांची समान ऊर्जा फुटते. अष्टफलकात तीन खाली जातात, दोन वर. व्हॅन व्लेक यांनी त्यावरून चुंबकत्व समजावलं. पण ते भौतिकीचं काम होतं आणि रसायनतज्ज्ञ पॉलिंगच्या चित्रावर खूश होते. जवळपास वीस वर्षं गेली. 1951 मध्ये इल्से आणि हार्टमान यांनी सहा पाण्यांनी वेढलेला +3 प्रभाराचा टायटॅनियम घेतला. त्यात डी इलेक्ट्रॉन एकच. तो खालून वर उडी मारताना सुमारे 500 नॅनोमीटरचा निळसर-हिरवा प्रकाश शोषतो, म्हणून द्रावण जांभळं दिसतं.

या चित्रातही एक खोट होती. बेथेचे शेजारी म्हणजे नुसते प्रभारबिंदू. तसं असतं तर ऋण फ्लोराइडने ऊर्जा जास्त फोडायला हवी आणि प्रभारहीन कार्बन मोनॉक्साइडने कमी. सुचिदा यांनी 1938 मध्ये वर्णपटांवरून लिगँडांचा क्रम लावायला सुरुवात केली होती. आजच्या पूर्ण क्रमात फ्लोराइड दुबळ्या टोकाला आहे आणि कार्बन मोनॉक्साइड अगदी बलवान टोकाला. 1953 मध्ये ओवेन आणि स्टीव्हन्स यांना सहा क्लोरीनच्या इरिडियम संयुगात धातूचा म्हटला जाणारा इलेक्ट्रॉन काही अंशी क्लोरीनवर सापडला. म्हणजे ऑर्बिटल एकमेकांत मिसळतात. पॉलिंगचं आणि बेथेचं अशी दोन्ही चित्रं रेणू-ऑर्बिटलांच्या एकाच चौकटीत बसतात हे व्हॅन व्लेक यांनी 1935 मध्येच दाखवलं होतं; आज आपण लिगँड फील्ड म्हणतो ती हीच बांधणी. कार्बन मोनॉक्साइड धातूला जोडी देतो आणि धातूचे डी इलेक्ट्रॉन आपल्या रिकाम्या ऑर्बिटलांत सामावून घेतो. खालच्या पातळ्या त्यामुळे आणखी खाली जातात, वरच्या आणि खालच्या पातळ्यांमधली फट रुंदावते. 1890 पासून माहीत असलेल्या निकेल कार्बोनिलमध्ये धातूवरही प्रभार नाही आणि चारही लिगँडांवर नाही; तो रेणू टिकतो तो या देवाणघेवाणीमुळेच.