अ‍ॅकॉर्डियनच्या भात्याचे कोपरे

जुना अ‍ॅकॉर्डियन दुरुस्तीसाठी उघडला की भात्यात, म्हणजे हाताने ओढून-दाबून हवा देणाऱ्या घड्यांच्या भागात, पुठ्ठा, कापड, कातडे, पत्रा आणि सरस एकमेकांवर चढलेले दिसतात. प्रत्येक थर कुठल्यातरी अडचणीवर उपाय म्हणून आलेला आहे, आणि ती अडचण बहुतेक वेळा कोपऱ्यात होती. हे ध्यानात घेतले तर कोणता थर सोडवायचा, कोणत्याला हात लावायचा नाही आणि परत बसवताना क्रम काय ठेवायचा, हे नीट कळते.

घडीचा भाता अ‍ॅकॉर्डियनच्या आधीपासून होता. चर्चच्या ऑर्गनमध्ये पातळ लाकडी फळ्यांच्या घड्या कातड्याच्या पट्ट्यांनी बिजागरीसारख्या जोडत आणि कोपऱ्यांवर कातड्याचे तुकडे चिकटवत. व्हिएन्नातले सिरिल डेमियन हे ऑर्गन आणि पियानो बनवणारे कारागीर. कार्ल आणि गुइडो या मुलांसह त्यांनी ६ मे १८२९ रोजी आपल्या नव्या वाद्याच्या एकाधिकारासाठी अर्ज केला आणि २३ मे रोजी तो मंजूर झाला. एका कळीला एक अख्खा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरसमूह, वाजे, त्यावरून नाव पडले ‘अ‍ॅकॉर्डियन’. अर्जात दिलेले माप आहे लांबी ७ ते ९ इंच, रुंदी साडेतीन इंच आणि उंची २ इंच. हातात मावणाऱ्या वाद्याला लाकडी फळ्यांचा भाता परवडणारा नव्हता. हलक्या भात्यासाठी पुढच्या काळात जी सामग्री रुळली ती पुस्तकबांधणीतली: पुठ्ठा, कापड, सरस.

आता कोपऱ्याकडे येऊ. चौकोनी भात्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची टोके ४५ अंशांत कापलेली असतात. भाता मिटलेला असताना शेजारच्या दोन पट्ट्यांची टोके अचूक भिडतात. भाता उघडला की पट्ट्या तिरक्या होतात, पण त्यांची लांबी बदलत नाही, त्यामुळे घडीच्या आतल्या बाजूला टोकांमध्ये फट पडते. पुठ्ठा ताणला जात नाही, म्हणून ही फट झाकायला लवचीक कातडे लागते. इंग्लंडमध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४४ मध्ये पेटंट घेतलेल्या कॉन्सर्टिनाची, म्हणजे भात्याच्याच एका छोट्या वाद्याची, घडण सहा कोनी झाली. तिथे कोन १२० अंशांचा असल्याने तेवढ्याच खोलीच्या घडीत प्रत्येक कोपऱ्यातली फट चौकोनी भात्याच्या निम्म्याहून थोडीच जास्त असते. त्या भात्याचे सांधे कातड्याचे असतात आणि तो अतिशय मऊ चालतो. अ‍ॅकॉर्डियनला मात्र लांबट चौकोनच सोयीचा होता, कारण एका बाजूला कळींची लांब ओळ बसवायची असते. म्हणजे सगळ्यात कठीण कोन याच वाद्याच्या वाट्याला आला.

इटलीत कास्तेलफिदार्दो येथे पाओलो सोप्रानी यांनी १८६३ च्या सुमारास उत्पादन सुरू केले, १८७६ मध्ये स्त्रादेल्लात मारियानो दालापे यांचा कारखाना उभा राहिला आणि जर्मनीतल्या ट्रॉसिंगेनची होनर कंपनी १९०३ पासून अ‍ॅकॉर्डियन बनवू लागली. वाद्य वाढत गेले. ४१ कळी आणि १२० बासच्या (डाव्या हाताच्या बटणांच्या) पियानो अ‍ॅकॉर्डियनचे वजन १० किलोच्या आसपास जाते, आणि ते मांडीवर, पट्ट्यावर, कपड्यांवर सतत घासते. घडीच्या शिखरावरचा, म्हणजे बाहेर आलेल्या कडेवरचा, कोपरा तिथेच झिजतो. त्याच्या रक्षणासाठी वर धातूची टोपी बसवतात. १८ घड्यांच्या भात्यावर अशा ७२ टोप्या आणि त्यांच्याखाली कातड्याचे ७२ तुकडे असतात. पूर्ण भात्याच्या दुरुस्तीला वेळ का लागतो ते या आकड्यावरून समजावे.

हार्मोनियमच्या आत स्प्रिंगने दाबलेला हवेचा साठा असतो, त्यामुळे किरकोळ गळती निभावून जाते. अ‍ॅकॉर्डियनमध्ये असा साठा नाही. हाताचा दाब थेट स्वरपट्ट्यांवर (हवेने कंप पावणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) जातो आणि गळती थेट आवाजात ऐकू येते: खालचे मोठे स्वर उशिरा बोलतात, लांब स्वर मध्येच दम सोडतात.

गळती तपासायला पट्टे सोडून, एकही कळ न दाबता, कळीची बाजू वर धरून बासची बाजू स्वतःच्या वजनाने लोंबू द्यावी. सुस्थितीतला भाता रेंगाळत उतरतो. दोन-तीन सेकंदांत पूर्ण उघडला तर गळती मोठी आहे. पण दोष भात्याचाच असेल असे नाही, कळींखालच्या झडपाही गळतात. म्हणून भाता सुटा करून दोन्ही तोंडांवर फोमची पट्टी लावलेल्या सपाट फळ्या घट्ट बांधाव्यात आणि पुन्हा पाहावे. मग अंधाऱ्या खोलीत एलईडी दिवा आत ठेवून घड्या एकेक करून उघडाव्यात. उजेडाचा ठिपका दिसेल तिथे पेन्सिलने खूण. बहुतेक खुणा कोपऱ्यांवर येतात, काही पहिला पुठ्ठा लाकडी चौकटीला चिकटवलेला असतो तिथे.

भाता काढताना चौकटीच्या खिळ्या सरळ ओढाव्यात, वाकवू नयेत. प्रत्येक खिळी कोणत्या भोकातली ते लिहून ठेवावे आणि चौकटीची दिशा चिन्हांकित करावी, उलटी बसवलेली चौकट कधी नीट भिडत नाही. चौकट आणि वाद्याची पेटी यांच्यामधली सील-पट्टी पूर्वी कातड्याची किंवा फेल्टची असे, नंतर फोमची आली. फोम जुना झाला की चिकट भुगा होतो, तो पूर्ण खरवडून काढावा. अनेकदा ही पट्टी बदलली की निम्मे काम होते, म्हणून आधी तिथे पाहावे आणि मगच टोप्यांना हात लावावा.

टोपी काढायची तर पातळ पात्याने तिचे कान, म्हणजे दुमडलेल्या कडा, उचलावेत. टोपीखाली शिखरावरची कापडी टेप, टेपेखाली कातडे. बसवण्याचा क्रम याच्या उलट. नवे कातडे शेळीचे किंवा कोकराचे, सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचे घ्यावे, कडा छिलून शून्यावर आणाव्यात, नाहीतर घडी मिटत नाही. चिकटवताना घडी वाजवताना उघडते तितकी उघडी ठेवावी. मिटलेल्या घडीवर ताणून लावलेले कातडे पहिल्याच जोरकस वाजवण्यात सुटते किंवा फाटते. जुना सरस कोमट पाण्याच्या ओल्या फडक्याने सुटतो, पण फडके पिळून घ्यावे, पुठ्ठा भिजला की फुगतो. नव्या चिकटवणीला सरस किंवा पांढरा पीव्हीए गोंद चालतो. सुपरग्लू आणि पॅकिंग टेप कडक होतात आणि घडीच्या रेषेवर तडकतात. शिवाय पुढच्या दुरुस्तीला ते काढताना पुठ्ठ्याचा थर निघून येतो, म्हणून ते वापरूच नयेत.

उष्णतेपासून विशेष जपावे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या अनेक अ‍ॅकॉर्डियनच्या पेट्यांवर सेल्युलॉइडचे आवरण असते आणि ते झटकन पेटते. स्वरपट्ट्या मेणाने बसवलेल्या असतात, आणि मधमाशांचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळते. गरम हवेची बंदूक पेटीपासून दूरच ठेवावी.

काम संपल्यावर भाता मिटवून वजनाखाली किमान एक दिवस ठेवावा. नवे कातडे आणि टेप सुरुवातीला ताठ असतात आणि मिटलेला भाता थोडा उसळतो. काही आठवडे वाजवून घड्या बसल्या की वरची पहिली चाचणी पुन्हा करावी.