“काही करत नाही हो तो!”
अंगावर उड्या मारणाऱ्या मोठ्या कुत्र्यांच्या मालकांसाठी माहितीपत्रक

फाटकाची कडी वाजते, पाहुणे आत येतात, आणि ३० किलोचा लॅब्राडोर त्यांच्या छातीवर दोन पाय ठेवून उभा राहतो. मागून आपला आवाज येतो, “घाबरू नका, काही करत नाही हो तो!” लातूरमध्ये कुत्र्यांना शिकवायला आम्ही ज्या ज्या घरी गेलो, तिथं हे वाक्य ऐकलंच. ते खोटं नसतं. कुत्रा खरंच काही वाईट करत नसतो. पण आजीचा तोल गेला की पडायचं ते आजीच पडते, आणि पदर फाटायचा तो फाटतोच.

तो असं का करतो?

पिल्लं आईला भेटताना तिचं तोंड चाटतात. माणसाचं तोंड पाच फुटांवर, म्हणून उडी. हा झाला स्वभाव. पुढचं आपण शिकवलेलं असतं. दोन महिन्यांचं पिल्लू पायाशी उड्या मारायचं तेव्हा आपणच त्याला उचलून घेतलं, फोटो काढले. आठ-दहा महिन्यांनी तेच केलं तर आपण ओरडतो. त्याच्या दृष्टीनं नियम बदललाच नाही, फक्त घरचे लोक विचित्र वागायला लागले.

त्यातही ढकलणं, “ए, हट!” म्हणणं, पदरानं झटकणं, हे सगळं त्याला खेळच वाटतं. दिवसभर अंगणात एकटा असलेल्या कुत्र्याला शिवी चालते, दुर्लक्ष चालत नाही. गुडघा छातीत मारा, मागच्या पायावर पाय द्या, असे सल्ले गल्लीत कुणीही देतं. ते करू नका. इजा होते, आणि कुत्रा शिकतो एवढंच की माणूस जवळ आला की दुखतं. उड्या मारणारा कुत्रा परवडला, माणसाला बिचकणारा नको.

काय करायचं

तुम्ही बाहेरून आलात आणि तो झेपावला, की कुशीला वळा. हात छातीशी, नजर दुसरीकडे, तोंडातून शब्द नाही. चारही पाय जमिनीला टेकले की लगेच, म्हणजे एक-दोन सेकंदांच्या आत, हळू आवाजात बोला आणि खाऊ द्या. उशिरा दिलेला खाऊ कशाबद्दल मिळाला हे त्याला कळत नाही. खाऊ हातात उंच धरू नका, जमिनीवर टाका. नाक खाली गेलं की पुढचे पाय आपोआप खाली राहतात. कुरवाळतानाही डोक्यावरून नको, हनुवटीखालून. वरून हात आला की तो वर उसळतो.

खाऊ म्हणजे दुकानातलंच पाकीट हवं असं नाही. कोऱ्या भाकरीचा हरभऱ्याएवढा तुकडा, बिनमिठाचं उकडलेलं चिकन, थोडं पनीर पुरतं. कांदा-लसूण लागलेलं काही नको. मनुके, द्राक्षं आणि चॉकलेट तर अजिबात नको, ती कुत्र्याला विषारी असतात.

मग पाहुण्यांची तयारी. कुत्र्याला लीश लावून खिडकीच्या गजाला बांधा. दोरी इतकी सैल हवी की तो आरामात उभा राहील, बसेल, पण उडी पुरणार नाही. गळ्याला हिसका बसू नये म्हणून छातीचा पट्टा बरा. काट्यांचा किंवा आवळणारा पट्टा आम्ही वापरत नाही. आता ओळखीच्या एकाला समोरून चालत यायला सांगा. कुत्रा उसळला की त्यानं थांबून दोन पावलं मागं जायचं. शांत झाला की पुढं यायचं. असं दहा-बारा वेळा. उडीनं माणूस लांब जातो आणि शांत राहिल्यानं जवळ येतो, हा हिशोब बहुतेक कुत्र्यांना आपल्या अंदाजापेक्षा लवकर जमतो.

त्यानंतर “बसायला” शिकवा. बसलेला कुत्रा त्याच वेळी उडी मारू शकत नाही. इथं एक गंमत आहे. आपल्या घरात “बस” हा शब्द दिवसातून पन्नास वेळा येतो: “बस झालं”, “बस गेली का?”, आणि पाहुण्यांना “बसा की”. कुत्र्यानं कोणत्या “बस”ला बसावं? म्हणून “सिट” म्हणा किंवा “बैस” म्हणा, पण घरातल्या सगळ्यांनी एकच. तसंच “डाऊन”चं. झोपायला शिकवताना “डाऊन”, आणि उडी मारल्यावरही “डाऊन, डाऊन!” मग तो गोंधळणारच.

मधेच बिघडल्यासारखं वाटेल

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बऱ्याच घरांतून फोन येतो, “आता तर जास्तच उड्या मारतोय.” शेतातली मोटार स्टार्टर दाबून चालू झाली नाही तर आपण लगेच घरी जातो का? चार वेळा जोरात दाबून बघतो. कुत्र्याचंही तसंच. इतके दिवस चाललेलं बटण एकदम बंद पडलंय, म्हणून तो जोर लावतो. याच दिवसांत कुणी वैतागून “बरं बाबा, ये” म्हणालं, तर जास्त जोर लावला की काम होतं, हे त्याला पक्कं कळलं.

एका घरी महिना झाला तरी फरक पडेना. सगळे नियम पाळत होते. शेवटी कळलं की दुपारी चारला आजोबा ओसरीवर भाकरी खायचे, कुत्रा त्यांच्या धोतरावर पाय ठेवायचा आणि ते कौतुकानं तुकडा द्यायचे. दिवसातून एकदाच. कधीतरी मिळणाऱ्या बक्षिसाची सवय तर अधिकच चिवट असते. आम्ही आजोबांना थांबवलं नाही, भाकरीचा डबाच त्यांच्या हाती दिला: बसला तरच तुकडा. नंतर तो सगळ्यांत आधी शिकला तो आजोबांपुढं बसायला.

ऊन, शेत आणि पाहुणे

साठलेली ताकद उड्यांतूनच बाहेर पडते, म्हणून फिरवणं हवंच. पण आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये पहाटे किंवा सूर्य बुडाल्यावरच. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसवलं नाही तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. सराव पाच-पाच मिनिटांचाच. आपल्या लातूर भागातली कारवानी आणि पश्मी कुत्री धावण्यासाठीच पाळलेली. त्यांना मोकळं रान लागतं, आणि आरडाओरड्यानं ती कोमेजतात.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येच्या सणाला, शेतावर पन्नास माणसं, पोरंबाळं, डोक्यावर आंबिलाचं मडकं घेतलेल्या बाया. महालक्ष्म्यांना घर भरलेलं. सराव पक्का नसेल तर अशा दिवशी परीक्षा घेऊ नका. त्याला आतल्या खोलीत पाणी आणि चघळायला गार गाजर देऊन ठेवा. ही शिक्षा नव्हे. कुत्र्याला भिणाऱ्या पाहुण्यावर तर सराव कधीच नको.

नख लागून ओरखडा उठला, तर तो साधा समजू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. कुत्र्याची रेबीजची लस वेळच्या वेळी द्या. पाळीव प्राण्याबाबत निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे, तिथं “काही करत नाही हो” चालत नाही.

अंग ताठ, नजर रोखलेली, घशात गुरगुर, अशी झेप असेल तर ती भेटीची उडी नव्हे. वरचा सराव थांबवा, आधी पशुवैद्यांकडून तपासून घ्या, मग आम्हाला बोलवा.

आम्ही काय करतो

आम्ही तुमच्या घरी येतो. कुत्रा महिनाभर ठेवून घेऊन, शिकवून परत करत नाही. आमच्याकडं तो शहाण्यासारखा वागेल, पण त्याला उडी मारायची असते ती तुमच्या फाटकावर आणि तुमच्या आजोबांवर. पहिल्या भेटीला घरातली सगळी माणसं हजर हवीत, कामाला येणाऱ्या मावशीसुद्धा. त्या दिवशी कुत्र्याचं जेवण आमच्या येण्यानंतर ठेवा. आणि आम्ही आत येताना त्याला धरून ठेवू नका, मारू द्या उडी. आम्ही जुनी पँट घालूनच येतो.