क्षयजंतूंचा औषधरोध : जनुकांतील बदल

क्षयाच्या जंतूवर एखादे औषध चालेनासे होणे म्हणजे औषधरोध. मराठवाड्यात कुणी म्हणते, ‘गोळ्या लागू पडेनात’, कुणी म्हणते, ‘अंगाला गोळ्यांची सवय झाली’. दुसरे म्हणणे दिशाभूल करते. रुग्णाच्या अंगात काही बदलत नाही. बदलतात ती जंतूची जनुके.

क्षयजंतू हा बदल दुसऱ्या जंतूंकडून उसना घेत नाही. त्याचा जनुकसंच सुमारे ४४ लाख अक्षरांचा, म्हणजे डीएनएच्या सुट्या घटकांचा. त्याची नक्कल होताना क्वचित एखादे अक्षर चुकते. ही चूक औषधामुळे होत नाही. औषध बाकीचे जंतू मारते आणि चुकलेल्याला रान मोकळे करून देते.

क्षयाच्या उपचारातली लघवी लाल करणारी गोळी म्हणजे रिफाम्पिसिन. जंतूच्या आरएनए पॉलिमरेज या विकराला (एन्झाइमला) चिकटून ती त्याचे काम बंद पाडते. हे विकर घडवणाऱ्या आरपीओबी जनुकात ८१ अक्षरांचा एक पट्टा आहे. तिथे बदल झाला की औषधाला चिकटायला जागा उरत नाही. रिफाम्पिसिनरोधक जंतूंपैकी सुमारे ९५ टक्क्यांत दोष याच पट्ट्यात असतो. म्हणून सीबीनॅट यंत्र बेडक्यातला तेवढाच भाग तपासून दोनेक तासांत निदान देते. आयसोनियाझिड या दुसऱ्या क्षय-औषधाची तऱ्हा निराळी : ते जंतूत शिरते तेव्हा निष्क्रिय असते, जंतूचेच कॅटजी विकर त्याला जागे करते. कॅटजीत ३१५ व्या स्थानी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनीन आले की औषध निजलेलेच राहते. पायराझिनामाइड या तिसऱ्या औषधाचा रोध पीएनसीए जनुकातून येतो.

रिफाम्पिसिनला न जुमानणारा जंतू साधारण १० कोटींत एक, आयसोनियाझिडला न जुमानणारा १० लाखांत एक. क्षयाने फुप्फुसात पडलेल्या एका पोकळीतच कोट्यवधी जंतू असतात. मात्र दोन्ही दोष एकाच जंतूत आपोआप जुळणे जवळजवळ अशक्य. म्हणून औषधे एकत्र देतात. उपचार साधारण सहा महिने चालतो.

बीड, जालन्याकडच्या ऊसतोड टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. पावसाळ्यात सुरू झालेला उपचार तेव्हा अर्ध्यावर असतो. गोळ्या गावच्या उपकेंद्रात आणि माणूस कारखान्याच्या फडात. उपचारात पडलेल्या या खंडात उरलेले जंतू पुन्हा वाढतात, त्यांत बदललेलेही. पुढे त्याच कोपीत (झोपडीत) निजणाऱ्या लेकराला श्वासावाटे थेट औषधरोधक जंतूच मिळू शकतो. त्याने आयुष्यात टीबीची एकही गोळी बुडवलेली नसते. ‘गोळ्या नीट घेतल्या नसतील’ असे त्याच्या आईला सुनावणे हा अन्याय आहे. औषधरोधाची तपासणी पहिल्या गोळीआधीच व्हायला हवी.