कासाल्स: भोपळ्याचा चेलो आणि आडगावचा महोत्सव

तंबोऱ्याचा भोपळा मिरजकरांच्या ओळखीचा. पण चेलोला, म्हणजे बसून गजाने वाजवायच्या मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्याला, भोपळा? चेलोवादक पाब्लो कासाल्सचं बालपणीचं वाद्य तसंच होतं: सुका भोपळा, दांडी आणि एकच तार. जन्म १८७६चा, स्पेनमधल्या कॅटलोनिया प्रांतातल्या एल व्हेंद्रेल गावचा. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे.

त्या काळी चेलो शिकणाऱ्याच्या काखेत पुस्तक देत, गज ओढताना कोपर अंगापासून सुटू नये म्हणून. कासाल्सने विद्यार्थी असतानाच ते झुगारलं आणि हात मोकळा सोडला. १८९० साली, तेराव्या वर्षी, बार्सिलोनातल्या एका जुन्या दुकानात त्याला जर्मन संगीतकार बाखच्या सहा चेलो सुइट्सची (सुइट म्हणजे नृत्यांच्या चालींवरच्या तुकड्यांची मालिका) प्रत सापडली. तेव्हाचे वादक त्या पलट्यांसारख्या घोटत; मैफलीत फार तर एखादा तुकडा. अख्खी सुइट लोकांसमोर वाजवण्याआधी याने बारा वर्षं रियाज केला. ध्वनिमुद्रण तर थेट १९३६ ते ३९मध्ये.

चेंबर म्युझिक म्हणजे मोजके वादक, प्रत्येकाचा भाग वेगळा आणि समोर कंडक्टर नाही. १९०५च्या सुमारास कासाल्स, पियानोवादक कोर्तो आणि व्हायोलिनवादक तिबो असं त्रिकूट जमलं आणि जवळपास तीन दशकं टिकलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात कोर्तोने फ्रान्समधल्या नाझीधार्जिण्या विशी सरकारशी जुळवून घेतलं आणि मैत्रीत फट पडली.

स्पेनच्या यादवी युद्धात हुकूमशहा फ्रँको जिंकत आला तसा कासाल्स सीमेपलीकडच्या प्राद या छोट्या फ्रेंच गावी जाऊन राहिला. महायुद्ध संपलं, तरी दोस्त राष्ट्रांनी फ्रँकोला हात लावला नाही. तेव्हा त्याने जाहीर वादनच थांबवलं. ज्याचं पोट आणि प्राण दोन्ही वाजवण्यात, त्याने हे करावं! शेवटी १९५० साली, बाखच्या दोनशेव्या स्मृतिवर्षात, व्हायोलिनवादक अलेक्झांडर श्नायडरच्या पुढाकाराने वादकच प्रादला आले आणि तिथल्या चर्चमध्ये महोत्सव भरला. १९५८ला तिथेच कोर्तो पुन्हा त्याच्या शेजारी वाजवायला बसला. दोघंही तोवर म्हातारे झाले होते.

१९६१मध्ये केनेडींच्या निमंत्रणावरून तो व्हाइट हाउसमध्ये वाजवायला गेला, तेही अमेरिकेची फ्रँकोशी दोस्ती असताना. स्वतःच्याच निषेधाला केलेला हा अपवाद काहींना खटकला. मला तो माणसासारखा वाटतो. शेवटी त्याने एक कॅटलान लोकगीत वाजवलं, पक्ष्यांचं.

१९७३ला तो पोर्तो रिकोत वारला. फ्रँको आणखी दोन वर्षं जगला. १९७९मध्ये कासाल्सचे अवशेष एल व्हेंद्रेलला आणले.