रिस्टोअर वेगळं, रिसेट वेगळं: दाबण्याआधी वाचा

लॅपटॉप अडकला की नागपुरात पहिला सल्ला ठरलेला: "बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) ने, फॉरमॅट मारून घे." दुसरा सल्ला देणारा जरा जाणकार असतो. तो म्हणतो, "विंडोजची डिस्क नसली तरी चालते भाऊ, रिस्टोअर करून टाक," आणि प्रत्यक्षात दाबतो रिसेट. मग हिशेबाचं टॅली कुठे गेलं म्हणून घरभर बोंब. ही गल्लत ऐकून कान किटले आहेत.

रिसेट तुम्हाला मोबाइलमुळे माहीत आहे, त्यावर फार बोलत नाही. विंडोज नव्यानं बसतं. लागणाऱ्या फायली लॅपटॉपमध्येच असतात. त्या बिघडल्या असतील तर इंटरनेटवरून उतरवणारं 'क्लाउड डाउनलोड' निवडायचं, मात्र ते ४ जीबीच्या वर जातं. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर हॉटस्पॉट लावून बसू नका.

सिस्टिम रिस्टोअरचं काम निराळं. एखादं अपडेट किंवा ड्रायव्हर (प्रिंटरसारखं उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) टाकण्याआधी विंडोज आपल्या तेव्हाच्या अवस्थेची नोंद ठेवतं, तिला रिस्टोअर पॉइंट म्हणतात. काही बिघडलं तर त्या नोंदीपर्यंत मागे जाता येतं. नवीन काही बसत नाही.

आता खरी मेख. दोन्ही ठिकाणी "तुमच्या फायली सुरक्षित राहतील" अशा अर्थाचं वाक्य दिसतं, आणि लोक तेवढंच वाचून पुढे जातात. रिसेटमधलं 'कीप माय फाइल्स' म्हणजे डॉक्युमेंट्स, फोटो, डेस्कटॉप वगैरे राहणार. तुम्ही टाकलेलं सॉफ्टवेअर मात्र सगळं जाणार. टॅली, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, प्रिंटरचा ड्रायव्हर, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर, सगळं. विंडोज १० तर काय काय काढलं त्याची यादी शोकसंदेशासारखी डेस्कटॉपवर ठेवून देतं. सगळ्यात वाईट म्हणजे काही जुनी हिशेबाची सॉफ्टवेअर आपला डेटा स्वतःच्याच फोल्डरमध्ये, 'प्रोग्राम फाइल्स'च्या आत ठेवतात. विंडोजच्या लेखी ती तुमची 'फाइल' नाहीच. सॉफ्टवेअरबरोबर तुमचं वर्षभराचं खातंही गेलं.

रिस्टोअरचं नेमकं उलटं आहे. ते सिस्टिम फायली, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही), ड्रायव्हर आणि प्रोग्राम मागे नेतं. निवडलेल्या तारखेनंतर टाकलेलं सॉफ्टवेअर निघून जातं, आधीचं जागेवर राहतं. नेमकं काय हलणार हे 'स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्राम्स' दाबून आधीच बघता येतं. हे बटण लोक का दाबत नाहीत, मला आजवर कळलेलं नाही. तुमच्या फोटोंना आणि पत्रांना रिस्टोअर हातच लावत नाही. म्हणून चुकून डिलीट केलेले लग्नाचे फोटो त्यातून परत येतील ही आशा सोडा.

एक अडचण आहेच: पॉइंट आधी बनलेला असावा लागतो, आणि बऱ्याच लॅपटॉपवर ही सोय बंद असते. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधून आजच चालू करा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत पॉइंट फार तर ६० दिवस टिकतो.

दोन्हीकडे जाण्याची वाट एकच: शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट. लॅपटॉप चालूच होत नसेल तर विंडोजचं चिन्ह दिसताच पॉवर बटण दाबून धरून बंद करा. दोन-तीनदा असं केलं की तोच पडदा येतो. अपडेटनंतर किंवा ड्रायव्हरनंतर बिघाड झाला असेल तर आधी रिस्टोअर, यात मला वादच दिसत नाही. ते जमलं नाही तरच रिसेट, तोही चार्जर लावून. उन्हाळ्यात दुपारी लाइन गेली आणि बॅटरीही संपली तर अर्धवट बसलेलं विंडोज हाती येतं. लॅपटॉप विकायचा असेल तर 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधीच लिहून ठेवा.

हार्ड डिस्कच बदलली असेल तर दोन्ही बाद. मग दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं मोफत 'मीडिया क्रिएशन टूल' उतरवून किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह बनवायचा. लायसन्ससाठी डिस्क लागत नाही. २०१२ च्या विंडोज ८ पासून कंपन्या जे लॅपटॉप विंडोज टाकूनच विकतात, त्यांची लायसन्स की मदरबोर्डवरच साठवलेली असते. पण ती ज्या प्रकारची, होम किंवा प्रो, त्याच प्रकारच्या विंडोजला चालते. होमच्या लॅपटॉपवर दुकानदार सर्रास प्रो टाकतात आणि अॅक्टिव्हेट होत नाही म्हणून वरून क्रॅक मारतात. तुमच्या हक्काचं होम असताना चोरीचं प्रो कशाला? दुकानात लॅपटॉप देताना ठणकावून सांगा, होमच टाका.