जे-आर चाचणीसाठी नमुना पाठवण्यापूर्वी

चिवट पोलादात तडा एकदम धावत नाही. आधी त्याचं टोक बोथट होतं, मग धातू फाटू लागतो आणि पुढचा प्रत्येक मिलिमीटर फाडायला जास्त ऊर्जा लागते. हा वाढता विरोध एएसटीएम ई1820 या मानकाप्रमाणे मोजला की जे-आर आलेख मिळतो (जे म्हणजे तडा पुढे नेणाऱ्या ऊर्जेचं माप, आर म्हणजे धातूचा विरोध). फाटायला सुरुवात कुठे झाली, ते त्यावरचा जेआयसी हा आकडा सांगतो. चार्पीच्या (हातोड्याच्या घावाने तुकडा तोडायच्या चाचणीच्या) आकड्यावरून हे काढून द्या, अशी मागणी येते. आमची प्रयोगशाळा ते करत नाही. चार्पीत 2 मिमी खोल बोथट खाचेवर एक घाव बसतो, आणि सुरुवात व पुढचं फाटणं एकाच आकड्यात मिसळून जातं.

नमुना बहुधा प्लेट कापतानाच बिघडतो. तयार तुकडा 62.5 × 60 × 25 मिमी असतो. बँडसॉने कापणार असाल तर 70 × 70 चा द्या. गॅसने कापणार असाल तर 120 × 120 चा, म्हणजे तापलेला भाग आम्हाला काढून टाकता येतो. रोलिंगची दिशा पंच करा, पेंटचा बाण हाताळताना पुसला जातो. ही दिशा चुकली तर सगळंच चुकलं: तडा रोलिंगच्या दिशेने गेला (टी-एल) तर पोलादातल्या लांबट सल्फाइड कणांमुळे आकडा कमी येतो. प्रत्येक दिशेसाठी तीन तुकडे आणि त्याच प्लेटचा टेन्साइलसाठी (ओढून ताकद मोजायला) एक वेगळा तुकडा लागतो.

आम्ही वायरकटने (विजेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या तारेने) खाच पाडतो आणि फटीगने, म्हणजे पुन्हापुन्हा लोड देऊन, खरा तडा वाढवून तो रुंदीच्या (पिनच्या भोकांच्या मध्यापासून मोजलेल्या 50 मिमीच्या) निम्म्यापर्यंत, 25 मिमीवर आणतो. बाजूच्या खोबणी त्यानंतरच, दोन्हीकडे 10-10 टक्के. आधी पाडल्या तर पृष्ठभागावरचा तडा नीट दिसत नाही. मग लोड वाढवत मध्येमध्ये थोडा उतरवतो. खाचेचं उघडणं मोजणाऱ्या क्लिप गेजवर तुकडा किती सैल झाला, त्यावरून तड्याची लांबी निघते. सुरुवातीच्या बिंदूंत तडा मागे सरकल्यासारखा दिसला तर पिन अडकत आहे असं समजावं. म्हणून आमच्या क्लेव्हिसची (तुकडा पिनने धरणाऱ्या पकडीची) भोकं सपाट तळाची आहेत.

शेवटी पोलादाचा तुकडा 300 अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवतो, फाटलेला भाग रंगतो. द्रव नायट्रोजनमध्ये थंड करून तोडतो आणि तडा 9 ठिकाणी मोजतो. ॲल्युमिनियम असं रंगत नाही, तिथे पुन्हा फटीग देऊन खूण करतो.

वेल्ड असेल तर आधीच कळवा. आतल्या ताणामुळे तड्याची कड वाकडी वाढते आणि चाचणी बाद होते. फटीगपूर्वी खाचेच्या पुढचा भाग जाडीच्या सुमारे 1 टक्का दाबून घेतला की कड बरीच सरळ येते.

25 मिमी जाडी पुरेल का? आलेखाला 0.2 मिमीची सरकवलेली रेषा छेदते तिथला जे 200 किलोज्यूल प्रति चौरस मीटर आणि यील्ड (धातू कायमचा ताणला जाऊ लागतो तो ताण) व अल्टिमेट (तो सोसतो तो सर्वाधिक ताण) यांची सरासरी 500 मेगापास्कल धरा. भागाकार 0.4 मिमी, त्याच्या दहापट 4 मिमी. जाडी आणि तड्यापुढचा शिल्लक धातू दोन्ही त्याहून जास्त हवेत, म्हणजे इथे भरपूर वाव आहे.

अहवालासोबत तुटलेले दोन्ही अर्धे परत पाठवतो. पुढच्या तपासणीत वाद निघाला तर तेच कामी येतात; गंज लागू नये म्हणून तेल लावून ठेवा.